सगळ्यांकडे फोन आहे, मग नवा विकायचा कुणाला?

२०१९ साली कंपन्यांनी भारताच्या बाजारात साधारण सव्वापंधरा कोटी स्मार्टफोन पाठवले. २०२४ साली पाठवले सुमारे १५.१ कोटी. आयडीसी ही संस्था दर तिमाहीला हा हिशोब मांडते, आकडे तिचेच आहेत. या दोन वर्षांच्या मध्ये काय काय होऊन गेलं ते आठवून पाहा. शाळा फोनवर भरल्या, भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड लटकला, ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सुरू झालं. फोनशिवाय पान हलेनासं झालं, आणि फोनची विक्री मात्र होती तिथेच राहिली.

याच काळात दुसरा एक आकडा भराभर चढला. पूर्वी दहा-बारा हजारांच्या आसपास असलेली स्मार्टफोनची सरासरी किंमत २०२४ मध्ये २५९ डॉलर, म्हणजे एकवीस-बावीस हजार रुपयांवर गेली. नग तेवढेच, पैसा जवळपास दुप्पट. बाजार परिपक्व होतो तेव्हा काय घडतं ते या दोन आकड्यांत आहे. जगाच्या पातळीवर हे आधीच घडून गेलं होतं. आयडीसीच्याच हिशोबात २०१६ साली जगभरात सुमारे १४७ कोटी स्मार्टफोन बाजारात गेले, आणि तो टप्पा त्यानंतर पुन्हा गाठता आलेला नाही.

हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, एक भागाकार पुरतो. समजा एका तालुक्यात फोन घेऊ शकतील अशी एक लाख माणसं आहेत. सुरुवातीला दरवर्षी वीस हजार जण आयुष्यातला पहिला स्मार्टफोन घेतात. दुकानं वाढतात, कंपन्या खूश असतात. पाच वर्षांत सगळ्यांच्या हातात फोन येतो. त्यानंतर विक्री किती होणार? एक लाखाला, माणूस एक फोन किती वर्षं वापरतो त्या संख्येनं भागायचं. दर दोन वर्षांनी बदलला तर वर्षाला पन्नास हजार फोन विकले जातील. तीन वर्षांनी बदलला तर तेहतीस हजार. चार वर्षांनी बदलला तर पंचवीस हजार.

म्हणजे एकही माणूस फोन वापरायचं सोडत नाही, एकही गिऱ्हाईक दुरावत नाही, तरी नुसता फोन दोन वर्षं जास्त टिकला की धंदा निम्म्यावर येतो. कंपन्या गेल्या काही वर्षांत जे जे करताना दिसतात, म्हणजे किमती वाढवणं, हप्ते, एक्स्चेंज, सात वर्षांच्या अपडेटची आश्वासनं, घड्याळं आणि इअरबड, त्या सगळ्यामागे हा भागाकार आहे. आणि त्यातली भागणारी संख्या, म्हणजे फोन किती वर्षं चालवायचा हा निर्णय, गिऱ्हाइकाच्या हातात असतो. बहुतेकांना ही आपली ताकद वाटतच नाही. खरं तर बाजारातली सध्याची सगळी ओढाताण तिच्यासाठीच चालली आहे.

पहिला फोन घेणारा आणि चौथा फोन घेणारा

पहिला फोन घेणारा माणूस किंमत विचारतो, कारण तुलना करायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं. त्याला विकायचं तर त्याची एखादी अडचण ओळखावी लागते. नोकियाने २००३ साली ११०० हे मॉडेल आणलं, त्याला टॉर्च होती आणि धूळ शिरणार नाही असा कीपॅड होता. वीज जाणाऱ्या गावांत ती टॉर्चच फोन विकून गेली. जगभरात पंचवीस कोटींहून जास्त ११०० खपले. मायक्रोमॅक्स २००८ मध्ये फोनच्या धंद्यात उतरली ती महिनाभर चार्जिंग पुरेल असं सांगणारा एक्सवनआय घेऊन. तिथेही अडचण विजेचीच.

पुढे स्मार्टफोन आला तेव्हा हीच युक्ती स्वस्त टचस्क्रीनवर चालली. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत मायक्रोमॅक्सने भारतात सॅमसंगला मागे टाकल्याचं कॅनॅलिस या संस्थेने सांगितलं होतं. त्यानंतर तीन वर्षांत ही कंपनी जवळजवळ दिसेनाशी झाली. कारण बऱ्याचदा एका शब्दात सांगितलं जातं: चिनी कंपन्या. ते चूक नाही. शाओमीने जुलै २०१४ मध्ये फ्लिपकार्टवरून एमआय ३ हा फोन १३,९९९ रुपयांना विकायला काढला आणि काही सेकंदांत संपणाऱ्या ऑनलाइन सेलचं वेड लावलं. पण तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, ती फक्त फोर-जीवर. तिच्या सिमवर साधा कॉल लावायलाही फोर-जी फोन लागायचा. भारतीय कंपन्यांच्या गोदामांत तेव्हा थ्री-जीचा माल भरपूर होता. आणि मुख्य म्हणजे, तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या फोनवर आलं होतं.

दुसरा फोन घेणाऱ्याकडे आठवणी असतात. मागचा फोन हँग व्हायचा. ‘स्टोरेज फुल’ म्हणून नातवाचे फोटो डिलीट करावे लागायचे. दुपारी तीनलाच बॅटरी संपायची. तो दुकानात येतो तो हा त्रास घेऊन, आणि त्याचा प्रश्न बदललेला असतो: रॅम किती, स्टोरेज किती? पहिल्या गिऱ्हाइकाला भुरळ घालणारी कंपनी दुसऱ्या खेपेला टिकत नाही, कारण तिच्याच फोनने त्याला शहाणं करून सोडलेलं असतं. २०१७ अखेर शाओमी भारतात पहिल्या क्रमांकाला पोचली ती या दुसऱ्या फोनवाल्यांच्या जोरावर, असं माझं मत आहे. त्या वर्षीचा रेडमी नोट ४ आठवत असेल. मोठी बॅटरी, पुरेशी रॅम आणि दहा-बारा हजारांत बसणारी किंमत: मागच्या फोनच्या तक्रारींची यादी करून बनवल्यासारखा फोन होता तो.

तिसरा-चौथा फोन घेणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याचा आधीचा फोन बऱ्यापैकी चालू असतो. आठ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि बऱ्यापैकी कॅमेरा एवढं एकदा मिळालं की नव्या मॉडेलमधला फरक डोळ्यांना दिसत नाही. आपण फ्रिज कसा घेतो? नवं मॉडेल आलं म्हणून नाही, जुना दुरुस्तीपलीकडे गेला म्हणून. फोन हळूहळू त्या रांगेत जाऊन बसतोय. म्हणून हे गिऱ्हाईक उशिरा येतं, आणि आलं की जास्त पैसे मोजायची त्याची तयारी असते. ‘स्वस्तात काय आहे’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘पाच वर्षं बघायला नको असा दाखवा’ हा प्रश्न येतो.

आपल्याकडे यात घरातली उतरंडही असते. कमावत्या मुलीने नवा फोन घेतला की तिचा जुना आईकडे जातो, आईचा आजोबांकडे. आजोबा पहिल्यांदाच व्हॉट्सअप वापरायला लागतात, पण कंपनीच्या खात्यात मात्र पहिल्या फोनची विक्री पडत नाही. एका विक्रीत तिघांचं भागतं.

गिऱ्हाईक थांबलं हे कंपन्यांना कधी कळलं

याचा लेखी पुरावाच आहे. २ जानेवारी २०१९ रोजी अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून तिमाहीचा उत्पन्नाचा अंदाज खाली आणला. मुख्य दोष त्यांनी चीनमधल्या मंदीला दिला, पण पुढे दोन कारणं अशी लिहिली की ती पुन्हा वाचावीत. एक, मोबाइल सेवा कंपन्यांकडून फोनवर मिळणारी सूट कमी झाली. दोन, अ‍ॅपलने त्या वर्षी आयफोनची बॅटरी स्वस्तात बदलून दिली आणि लोकांनी त्याचा फायदा घेतला. थोडक्यात, नवी बॅटरी मिळाल्यावर अनेकांना नव्या फोनची गरज उरली नाही.

पहिलं कारण अमेरिकेत राहणाऱ्यांना चटकन समजेल. तिथे वर्षानुवर्षं दोन वर्षांचा करार केला की सहा-सातशे डॉलरचा फोन दोनशेला मिळायचा, उरलेली किंमत महिन्याच्या बिलात मुरलेली असायची. करार संपला की नवा फोन घ्यायचाच, नाहीतर बिल तेवढंच राहून आपलाच तोटा. २०१३ पासून टी-मोबाइल या तिथल्या सेवा कंपनीने आणि मग इतरांनी ही पद्धत मोडली, फोनचे पैसे वेगळे दाखवायला सुरुवात केली. पूर्ण किंमत नजरेसमोर आल्यावर लोक जुनाच फोन वापरत राहिले.

त्या पत्राच्या दोनच महिने आधी अ‍ॅपलने आणखी एक गोष्ट सांगितली होती: यापुढे किती आयफोन विकले हे आम्ही जाहीर करणार नाही. नगांची मोजणी वाढत नसेल तर ती दाखवायची कशाला? त्याऐवजी जगात किती अ‍ॅपल उपकरणं वापरात आहेत हे कंपनी सांगू लागली. धंद्याकडे बघायची नजरच फिरली. विकलेला फोन हा सौद्याचा शेवट न राहता सुरुवात झाला.

ती सुरुवात किती किफायतशीर आहे ते बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलचं एकूण उत्पन्न सुमारे ३९१ अब्ज डॉलर होतं, त्यातले ९६ अब्ज सेवांमधून आले: अ‍ॅप स्टोअरचा वाटा, आयक्लाउडची जागा (फोटो-फाइली ऑनलाइन साठवायला), गाणी, विमा. वस्तू विकून शंभर रुपयांमागे सुमारे ३७ रुपये ढोबळ नफा, सेवा विकून सुमारे ७४. जुना आयफोन चार वर्षं वापरणारा माणूसही दरमहा आयक्लाउडचे पैसे भरतच असतो.

स्वस्त फोनवाल्यांनी हेच दुसऱ्या दाराने केलं. शाओमीने २०१८ मध्ये जाहीर केलं की हार्डवेअरवर पाच टक्क्यांपेक्षा जास्त निव्वळ नफा आम्ही कधीच घेणार नाही. ऐकायला छान. मग पैसा कुठून? फोनच्या आतल्या जाहिराती, आधीच भरून आलेली अ‍ॅप, लॉक स्क्रीनवर आपण न मागताच येणाऱ्या बातम्या आणि चित्रं. बारा हजारांच्या फोनमध्ये पहिल्या दिवशी जी नको असलेली अ‍ॅप दिसतात, ती तुमच्या किमतीचा न दाखवलेला हिस्सा भरत असतात. मला हा प्रकार खटकतो, कारण महागडा फोन घेणाऱ्याला यातलं फारसं सोसावं लागत नाही. ज्याला पैसे जपून वापरावे लागतात, त्याच्याच डोळ्यांसमोर जाहिराती नाचतात.

ज्यांच्याकडे ना महाग विकायची पत होती ना सेवांचा धंदा, त्यांनी दुकान गुंडाळलं. एलजीसारख्या मोठ्या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये मोबाइलचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं.

हप्त्याने काय केलं

किंमत वाढत असताना लोक ती देतात कशी, हा भारतातला कळीचा प्रश्न आहे. पगार काही पाच वर्षांत दुप्पट झालेले नाहीत. उत्तर दुकानाच्या काउंटरवर, फायनान्स कंपनीचा टी-शर्ट घालून बसलेल्या मुलाकडे आहे.

वीस हजारांचा फोन सहा महिन्यांच्या हप्त्यावर घ्या: महिना ३,३३३ रुपये. ७९,९०० चा आयफोन चोवीस महिन्यांवर घ्या, व्याज धरलं नाही तर महिना ३,३२९ रुपये. काउंटरवरचा मुलगा किंमत सांगतच नाही, हप्ता सांगतो. आणि हप्त्यांच्या भाषेत हे दोन फोन सारखेच पडतात, उलट आयफोन चार रुपयांनी स्वस्त! फरक एवढाच की एकाचे हप्ते सहा महिन्यांत फिटतात आणि दुसऱ्याचे दोन वर्षं चालतात. २०२१ ते २०२४ या काळात आयफोन १३, १४, १५ आणि १६ हे चारही भारतात ७९,९०० ला सुरू झाले, आणि नवं मॉडेल आलं की आधीच्या वर्षीचं दहा हजारांनी उतरलं. म्हणून दसरा-दिवाळीला रांग लागते ती बऱ्याचदा मागच्या वर्षीच्या मॉडेलला. २०२४ मध्ये अ‍ॅपलने भारतात विक्रमी सुमारे १.२ कोटी फोन पाठवले, ते या गणिताच्या बळावर.

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या हप्त्यांत देशभर पसरलेली बजाज फायनान्स ही पुण्याची. ‘नो कॉस्ट’ या शब्दावर मात्र थोडं थांबावं. व्याज असतंच, ते कंपनी किंवा डीलर सूट म्हणून आधी वळतं करून देतात. क्रेडिट कार्डावर हप्ते केले तर त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्या माथी येते, आणि रोखीने घेतल्यावर मिळाली असती ती सूटही बऱ्याचदा जाते. हप्ता वाईट असं मी म्हणत नाही. अनेक घरांत पहिला चांगला फोन त्यामुळेच आला. पण हप्ते थकले तर फोनच दुरून लॉक करायचा, ही पद्धत काही कर्ज देणाऱ्यांनी वापरली आहे, आणि तिला परवानगी असावी की नसावी यावर रिझर्व्ह बँकेत २०२५ मध्ये विचार सुरू होता. ज्या फोनवर माणसाचं बँकेचं खातं, रेशनचा ओटीपी आणि रोजगाराचा कॉल येतो, तो बंद पाडणं म्हणजे त्याची कमाईच बंद पाडणं. थकबाकी वसूल करण्याचा हा मार्ग मला मान्य नाही.

हप्त्याला जोड मिळाली एक्स्चेंजची. जुना फोन काउंटरवर ठेवला की त्याचे पाच-सात हजार वळते होतात, वर ‘एक्स्चेंज बोनस’. घेतलेला फोन साफसूफ होऊन सहा महिन्यांच्या वॉरंटीसह ‘रिफर्बिश्ड’ म्हणून परत बाजारात येतो. आता तीन वर्षांपूर्वीचा महागडा फोन पंधरा हजारांत मिळत असेल तर नवाकोरा पंधरा हजारांचा फोन घ्यायचा कुणी? स्वस्त नव्या फोनचा खरा प्रतिस्पर्धी आज हा जुना महागडा फोन आहे.

सात वर्षांच्या अपडेटचं कोडंही इथे सुटतं. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ या फोनला आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस २४ या फोनला सात वर्षं अपडेट देण्याचं कबूल केलं. फोन जास्त टिकला तर विक्री घटते, मग कंपनी आपल्याच पायावर धोंडा का मारून घेईल? कारण सात वर्षं अपडेट मिळणाऱ्या फोनला तीन वर्षांनी चांगला भाव येतो. चांगला भाव येतो म्हणून पहिला मालक तो एक्स्चेंजला देऊन पुढचा महाग फोन घेतो. दुसरा मालक तो वापरत कंपनीच्या सेवांना पैसे भरतो. फोन सात वर्षं जगतो, मालक मात्र बदलत राहतात.

दुकानांचंही रूप याच कारणाने पालटतंय. पहिला स्वस्त फोन ऑनलाइन सेलमध्ये डोळे झाकून घेता येतो. पण पन्नास हजार मोजणाऱ्याला फोन हातात धरून बघायचा असतो, जुना द्यायचा असतो, हप्ते करायचे असतात. विवो आणि ओपो पहिल्यापासून गावोगावच्या दुकानांत पाय रोवून होत्या. डीलरला मार्जिन, बाहेर मोठा फलक, आत पगारी प्रमोटर ही त्यांची पद्धत, आणि २०२४ मध्ये आयडीसीच्या यादीत विवो पहिली आली. ऑनलाइनवर वाढलेल्या कंपन्यांना मग दुकानदारांच्या दारात जावं लागलं. अ‍ॅपलने एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीला स्वतःचं दुकान उघडलं, सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला.

ज्यांच्यापर्यंत हे पोचलंच नाही

‘सगळ्यांकडे फोन आहे’ हे शीर्षकातलं वाक्य पूर्ण खरं नाही. २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा जिओभारत हा बटणाचा फोन आणताना देशात पंचवीस कोटी लोक अजून टू-जीवर आहेत असं जिओनेच सांगितलं होतं. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये गुगलबरोबर बनवलेला जिओफोन नेक्स्ट ६,४९९ ला आणला, तो अपेक्षेएवढा चालला नाही. बटणाच्या फोनवरून स्मार्टफोनवर जायची पायरी फार उंच आहे: दीड हजाराच्या वस्तूवरून थेट सात-आठ हजारांवर, आणि वर महिन्याचा रिचार्ज. त्यात एप्रिल २०२० पासून मोबाइलवरचा जीएसटी बारावरून अठरा टक्के झाला. कंपन्यांचं लक्ष महाग फोनकडे गेल्यामुळे दहा हजारांखालचा कप्पा ओस पडत चाललाय. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले, कारण एआयची डेटा सेंटर ती चिप उचलतायत. त्याचा पहिला फटकाही याच कप्प्याला बसतो, कारण तिथे मार्जिनच नसतं. परिपक्व बाजारात वरच्या टोकाला सात वर्षांची हमी मिळते आणि खालच्या टोकाला निवडायला चार मॉडेलंही उरत नाहीत, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात बोचरं वाटतं.

फोन किती वर्षं चालणार हे शेवटी दुरुस्तीवर येऊन ठेपतं. पडदा फुटला की दुरुस्तीवाला ‘फोल्डर’ बदलायला सांगतो, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून अख्खा भाग. अठरा हजारांच्या फोनचा मूळ कंपनीचा फोल्डर सात-आठ हजारांना पडत असेल, तर चालू फोनही माणूस टाकून देतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून यावर नियम लागू केले: मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, किमान पाच वर्षं अपडेट मिळाली पाहिजेत, आणि आठशे वेळा पूर्ण चार्ज केल्यावरही बॅटरीत ऐंशी टक्के दम उरला पाहिजे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा अहवाल दिला. फोन उघडायला किती सोपा, सुटे भाग किती दिवसांत आणि केवढ्याला मिळतात, अपडेट किती वर्षं, यावर प्रत्येक मॉडेलला गुण द्यायचे आणि ते गिऱ्हाइकाला खरेदीच्या वेळी दिसतील असे छापायचे, ही त्यातली कल्पना. हे गुण कंपन्यांच्या मर्जीवर न ठेवता सक्तीचे व्हावेत, आणि त्यात फोल्डरची व बॅटरीची किंमत रुपयांत छापलेली असावी. तोपर्यंत फोन घेण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर सुट्या भागांचे दर आणि अपडेटची शेवटची तारीख तपासायला पाच मिनिटं लागतात. दुकानदाराला सरळ विचारलं तरी चालतं: याचा डिस्प्ले गेला तर केवढ्याला, आणि किती दिवसांत?